पाटे वजन उचलतात, थांबवत नाहीत: मोठ्या गाड्यांचे ब्रेक आणि सस्पेन्शन

कोल्हापूरला मोठ्या गाडीचं किती वेड आहे, हे इथं बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. दारात स्कॉर्पिओ, थार किंवा फॉर्च्युनर, शेताकडं बोलेरो पिकअप, आणि हंगाम सुरू झाला की उसाचा ट्रक. गाडी घरात आली की चार-सहा महिन्यांत पुढचा प्रश्न येतो: आता हिला काय करायचं? कुणी म्हणतं दोन इंच उचलू, कुणी म्हणतं रुंद टायर टाकू, पिकअपवाला म्हणतो गाडी मागं बसायला लागलीया, दोन पाटे वाढवून द्या. हे सगळं झाल्यावर मग वर्षभरानं मिस्त्रीकडं तक्रार जाते, ‘ब्रेक जरा लांब लागतोय, बघा की.’

आज आपल्याला एवढंच समजून घ्यायचंय, की ही तक्रार अचानक आलेली नसते. गाडीला आधी जे जे केलं, त्याचं ते बिल असतं. ब्रेक आणि सस्पेन्शन ही आपण दोन वेगळी कामं समजतो, दोन वेगळ्या गॅरेजात करून घेतो. प्रत्यक्षात ते एकच खातं आहे. एकीकडं खर्ची टाकलं की दुसरीकडं शिल्लक कमी होते.

आणि आपल्या भागात हे खातं तुटीत ठेवून चालत नाही. कोल्हापुरातून कोकणात उतरायचं म्हटलं की घाट आला. गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा, राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा, रत्नागिरीकडं आंबा घाट, पलीकडं अणुस्कुरा, आजऱ्यावरून गेलं तर आंबोली. पुण्याकडं निघालो तरी खंबाटकी आहे आणि नव्या कात्रज बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतचा तो लांबलचक उतार आहे. सपाटीवरच्या शहरात जी चूक खपून जाते, ती इथं खपत नाही.

नवले पुलावर काय झालं

२० नोव्हेंबर २०२२ ची संध्याकाळ आठवा. साताऱ्याकडून मुंबईकडं निघालेल्या एका मालट्रकनं नवले पुलाच्या उतारावर एकामागून एक अशा कितीतरी गाड्यांना ठोकरलं. पहिली बातमी आली ती ‘ब्रेक फेल’ची. नंतरच्या तपासात वेगळंच पुढं आलं. उतारावर डिझेल वाचवायला इंजिनच बंद केलेलं होतं, असं तेव्हा पोलिसांकडून सांगण्यात आलं.

इंजिन बंद केल्यावर ब्रेक का जातात, हे नीट कळायला पाहिजे. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद म्हणजे टाकीत आहे तेवढीच हवा. प्रत्येक वेळी पॅडल दाबलं की त्यातली थोडी संपते आणि नवीन भरली जात नाही. एसयूव्ही आणि पिकअपमध्ये हवेऐवजी व्हॅक्यूमचा बूस्टर असतो. डिझेल गाडीत त्याचा पंपसुद्धा इंजिनच फिरवतं. इंजिन बंद पडल्यावर दोन-तीन वेळा पॅडल हलकं लागतं, नंतर दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं. म्हणजे त्या गाडीत ब्रेकचा कुठलाच भाग ‘फेल’ झालेला नसतो, तरी गाडी थांबत नाही. त्या ट्रकला जगातले सगळ्यात महाग ब्रेक बसवले असते, तरी फरक पडला नसता. म्हणून सुधारणांची यादी करण्याआधी आपण मूळ हिशोब बघू.

ब्रेक म्हणजे चूल

गाडी थांबते तेव्हा तिची गती कुठं जाते? उष्णतेत. ब्रेकचं काम एवढंच: गतीची उष्णता करायची आणि ती हवेत सोडून द्यायची.

आकडे घेऊ. माणसं आणि सामान धरून अडीच टनाची एसयूव्ही ताशी ८० किलोमीटरवरून थांबवली, तर सुमारे ६१७ किलोज्यूल उष्णता तयार होते. घरातल्या भाषेत सांगायचं तर दोन लिटर गार पाणी उकळीपर्यंत न्यायला साधारण एवढीच उष्णता लागते. तीच गाडी ताशी १०० वरून थांबवली तर ९६५ किलोज्यूल. वेग वाढला चौथाईनं, उष्णता वाढली दीडपटीहून जास्त. कारण उष्णता वेगाच्या वर्गाप्रमाणं वाढते, वजन मात्र सरळ प्रमाणात.

आता हीच गाडी घाट उतरते असं समजा, आणि उंचीतला फरक ५०० मीटर धरा. वेग वाढू न देता खाली यायचं तर १२,००० किलोज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा कुणीतरी सोसली पाहिजे. म्हणजे ताशी ८० वरून वीस वेळा पूर्ण थांबण्याएवढी. चाळीस लिटर पाणी उकळीला येईल एवढी. सोळा टनी ट्रक असेल तर हाच आकडा अडीचशे लिटरवर जातो.

पुढच्या दोन डिस्क मिळून वीस किलोच्या धरल्या आणि सत्तर टक्के काम त्यांच्यावर पडतंय असं मानलं, तर ताशी ८० वरून एकदा थांबल्यावर त्या साधारण ४५ ते ५० अंशांनी तापतात. काहीच नाही, वाऱ्यानं थोड्या वेळात गार होतील. पण पूर्ण घाट ब्रेकवरच उतरला, इंजिननं काही सोसलं नाही आणि हवेनंही काही नेलं नाही असं मानलं, तर हिशोब नऊशे अंशांच्या पुढं जातो. प्रत्यक्षात हवा बरीच उष्णता नेते, त्यामुळं तो आकडा तसाच्या तसा गाठला जात नाही. पण ब्रेक घाटात कुठल्या दिशेला निघालेले असतात, हे त्यावरून दिसतं.

तापल्यावर तीन गोष्टी होतात. पॅड आणि लायनरमधला बांधणारा राळेसारखा पदार्थ जळायला लागतो, पकड कमी होते आणि करपलेला वास येतो. यालाच ब्रेक फेड होणं म्हणतात. पॅडल कडक असतं पण गाडी थांबत नाही. दुसरं, मागच्या ड्रमचा घेर तापून वाढतो आणि तो लायनरपासून दूर जातो, म्हणून पॅडल खोल जातं. तिसरं सगळ्यात घातक: ब्रेक ऑइल उकळतं. तेल दाबलं जात नाही, म्हणून ते पायाचा जोर चाकापर्यंत पोचवतं. वाफ मात्र दाबली जाते. नळीत वाफ झाली की पॅडल स्पंजासारखं होऊन थेट तळाला जातं.

यावरचा पहिला उपाय फुकट आहे. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. त्यामागं पक्कं गणित आहे. सोळा टनी ट्रक सहा टक्के उतारावर ताशी ४० नं उतरताना जवळपास १०५ किलोवॅट, म्हणजे १४० अश्वशक्ती सतत सोसावी लागते. चढताना जे काम इंजिननं केलं, तेच उतरताना परत घ्यायचंय. ते सगळं चार-सहा ड्रमवर टाकलं तर ते टिकणार कसे? खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक यांनी त्यातला मोठा वाटा इंजिनवर जातो. ऑटोमॅटिक एसयूव्ही असेल तर मॅन्युअल मोडवर घेऊन गिअर खाली आणा. ब्रेक सतत टेकवून ठेवू नका. वेग वाढला की एकदा नीट दाबा, कमी करा, सोडून द्या. सोडलेल्या वेळातच ते गार होतात.

गाडी शेवटी टायर थांबवतो

आता नेहमीचा प्रश्न: मोठी डिस्क टाकली तर गाडी लवकर थांबेल का? एकदाच करकचून ब्रेक मारायचा असेल, तर बहुतेक वेळा नाही. कंपनीचे ब्रेक चांगल्या स्थितीत असतील तर ते चाक लॉक करू शकतात, म्हणजे टायरची पकड संपेपर्यंतचा जोर त्यांच्यात आधीच असतो. त्याच्या पुढं ठरवतो तो टायर आणि रस्ता. कोरड्या चांगल्या डांबरावर ताशी ८० वरून सुमारे ३१-३२ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली तर ६३ मीटर. त्यात आपल्याला समोरचं दिसून पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्या सेकंदात गाडी २२ मीटर पुढं गेलेली असते. डिस्क कितीही मोठी करा, या आकड्यांत बदल होत नाही.

मोठी डिस्क कामाला येते ती दहाव्या-पंधराव्या ब्रेकला. तिच्यात लोखंड जास्त, म्हणून ती उशिरा तापते आणि लवकर गार होते. ज्याला रोज घाट आहे, ओझं आहे, त्याला तिचा उपयोग आहे. ज्याची गाडी राजारामपुरी ते रंकाळा एवढीच फिरते, त्यानं तेच पैसे चांगल्या टायरवर घालावेत. टायर घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालाय. नक्षी शिल्लक दिसली तरी जुना रबर कडक झालेला असतो आणि पावसात तोच दगा देतो.

दोन पाटे वाढवले की काय होतं

आता आपल्या भागातल्या सगळ्यात सर्रास होणाऱ्या कामाकडं येऊ. पिकअप मागं बसते म्हणून पाटे वाढवतात. गाडी उभी राहते, मालक खूश. मग ‘आता बसत नाही’ म्हणून आणखी माल पडतो. इथं लक्षात ठेवायची गोष्ट साधी आहे: पाटे वजन उचलतात, थांबवत नाहीत. तीन टनांच्या गाडीवर एक टन जादा टाकला, की प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक घाटाला उष्णता तेहतीस टक्क्यांनी वाढली. ड्रम तेच, लायनर तेच, ऑइल तेच.

याच्या पुढं एक बारकावा आहे, जो बऱ्याच मालकांना माहीत नसतो. अनेक पिकअप आणि जुन्या एसयूव्हींत मागच्या एक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो चॅसीला बसवलेला असतो आणि त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. याला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात. माल भरला की चॅसी खाली बसते, दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की मागं वजन आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन शेपूट फिरत नाही.

आता तुम्ही पाटे वाढवले. माल भरला तरी चॅसी बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मागं दोन टन वजन, आणि मागचे ब्रेक मात्र रिकाम्या गाडीचे! सगळं काम पुढच्या चाकांवर. भरलेल्या पिकअपमध्ये ब्रेक मारताना वजन पुढं झुकतं हे खरं, तरीसुद्धा जवळपास निम्मं वजन मागच्या चाकांवर उरलेलं असतं. त्या निम्म्या वजनाचं काम तुम्ही काढून घेतलं. पुढच्या डिस्क तापून निळ्या पडतात आणि मालक म्हणतो पॅड हलक्या कंपनीचे होते.

काही ठिकाणी यावर आणखी एक उपाय करतात: दांडी तारेनं वर बांधून टाकतात. मग मागं कायम पूर्ण दाब. भरल्या गाडीला बरं वाटतं. पण परतीच्या वाटेवर गाडी रिकामी, पावसाची बारीक भुरभुर, वळणावर ब्रेक मारला, की मागची चाकं आधी धरतात आणि गाडी आडवी होते. पाट्यांचं काम केलं असेल तर त्या व्हॉल्व्हचं सेटिंग कंपनीच्या मापानं परत करून घ्या, तार लावू नका. एबीएस असलेल्या बऱ्याच नव्या गाड्यांत हे काम सेन्सर करतात, तिथं ही दांडी नसते. तरी जादा वजनाची उष्णता सेन्सर कमी करू शकत नाहीत.

मग खरंच वजन जास्त असेल तर करायचं काय? आधी मोजा. आपल्याकडं साखर कारखाना, गूळ बाजार, एमआयडीसी, सगळीकडं वजनकाटे आहेत. भरलेली गाडी काट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन घ्या, मग पूर्ण गाडीचं. वजाबाकी केली की मागच्या एक्सलचं वजन मिळालं. ते गाडीच्या कागदांवरच्या आकड्याशी ताडून बघा. कागदापेक्षा जास्त असेल तर पाट्यांनी तो प्रश्न सुटत नाही. माल कमी करा किंवा मोठी गाडी घ्या. वजन कागदाच्या आत असूनही गाडी बसत असेल, तर पाटे थकलेत. ते बदला किंवा त्यांची कमान पूर्ववत करून घ्या, यू-बोल्ट नवे टाका, बुश बघा.

शॉकअप हे ब्रेकचंच काम करतं

शॉकअप म्हणजे आरामाची वस्तू, अशी आपली समजूत आहे. स्प्रिंग चाकाला वर-खाली जाऊ देते, पण ती हालचाल थांबवणं तिला जमत नाही. ते काम शॉकअपचं. ते गेलं की खड्ड्यानंतर चाक रस्त्यावर उड्या मारत राहतं. ज्या क्षणी चाक हवेत, त्या क्षणी ब्रेक शून्य. एबीएसला वाटतं चाक लॉक झालंय, तो दाब सोडतो, आणि थांबायचं अंतर वाढतं. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालंय, म्हणून ‘एबीएस आहे, काळजी नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. एबीएस आपलं काम चाक जमिनीला टेकलेलं असेल तरच करतो.

तपासायचं कसं? अंगावर तेल ओघळलंय का बघा. टायरवरून हात फिरवा. नक्षी एकसारखी न झिजता ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकअपवर संशय घ्या. बॉनेट दाबून उसळी बघायची पद्धत जड गाडीला फारशी उपयोगाची नाही. आणि कडक स्प्रिंग किंवा जास्त पाटे टाकले, तर शॉकअपही त्या ताकदीचे लागतात. जुनं शॉकअप कडक स्प्रिंगला आवरू शकत नाही. गाडी रिकामी असताना पाठ ठणकते ती यामुळंच.

उंची आणि रुंद टायर

आता हौसेकडं येऊ. हौस वाईट नाही, पण तिची किंमत माहीत असावी. समजा गाडीला २३५/७० आर १६ टायर आहेत आणि तुम्ही २६५/७० आर १६ टाकले. व्यास ७३५ मिलिमीटरवरून ७७७ वर गेला, म्हणजे साधारण पावणेसहा टक्के जास्त. डिस्क तीच, चाक मोठं. लांब दांड्यानं पाना फिरवायला सोपा जातो, तसं इथं रस्त्याला ब्रेकविरुद्ध लांब दांडा मिळाला. पायाच्या त्याच जोराला ब्रेक तेवढाच कमी लागतो. चाक जड झालं, तेही थांबवायचंय. वर स्पीडोमीटर कमी दाखवतो: काटा ८० वर, गाडी खरी ८४-८५ वर.

उंचीचं तसंच. गाडीचा वजनाचा मध्य पाऊण मीटरवर असेल आणि चाकांमधली रुंदी दीड मीटर, तर निम्म्या रुंदीला उंचीनं भागून येणारा स्थिरतेचा आकडा १ येतो. दोन इंच उचलली तर तो ०.९४ होतो. आकडा जितका लहान, तितकी गाडी कलंडायला सोपी. शिवाय ब्रेकची रबरी नळी ताणली जाते, बॉल जॉइंट तिरके होतात, अलाइनमेंट बिघडते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. उचलायचीच असेल तर नळीची लांबी, अलाइनमेंट आणि लाइटचं सेटिंग हे त्याच कामाचा भाग धरा, नंतरसाठी ठेवू नका.

इथं कायदाही येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं, नोंदणीवरची माहिती कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेला भाग त्याच मापाच्या चांगल्या भागानं बदलणं ही दुरुस्ती. माप बदलणं हा बदल. शंका असेल तर काम करण्याआधी आरटीओत विचारा. अपघात झाल्यावर विमा कंपनी हाच प्रश्न विचारते.

ब्रेकमध्ये सुधारणा करायची ती कशी

आता ज्यांना खरंच गरज आहे, त्यांच्यासाठी. सुरुवात ब्रेक ऑइलपासून करा. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. डॉट ५.१ चे २६० आणि १८०. आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवाच ओली, गगनबावड्याकडं तर विचारू नका. म्हणून दर दोन वर्षांनी, घाटात चालणाऱ्या गाडीचं दरवर्षी, पूर्ण ऑइल बदला. नुसतं वरून भरू नका. आणि डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं आहे; नावावरून फसून यात मिसळू नका.

मग नळ्या. जुनी रबरी नळी दाबाला फुगते, फुटायच्या आधी पॅडल मऊ करते. मग पॅड आणि लायनर: गरम असताना पकड धरणारे, आपल्या वापराला योग्य. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा हळूहळू वेग कमी करा, मध्ये पूर्ण थांबू नका, मग गार होऊ द्या. तेवढ्यानं पॅड डिस्कवर नीट बसतात.

डिस्क आणि ड्रमबद्दल कोल्हापूरकरांनी तरी जाणकार असावं. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, आपली सगळी फौंड्रीची पंढरी. डिस्क बिडाचीच का करतात? साध्या बिडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. ते पापुद्रे उष्णता पटकन आत नेतात आणि कंपनं गिळतात. म्हणून डिस्क घेताना चकाकी किंवा भोकं बघू नका. भोकं पाडलेली डिस्क दिसायला छान, पण सतत तापल्या-थंडावल्यानं भोकांच्या कडेला तडे जाऊ शकतात. वजन, जाडी, मधल्या हवेच्या वाटा आणि किमान जाडीचा कोरलेला आकडा बघा. घासून पातळ केलेली डिस्क म्हणजे कमी लोखंड, म्हणजे लवकर तापणारी चूल.

मोठे कॅलिपर सगळ्यात शेवटी. पिस्टन मोठा झाला की त्याला तेल जास्त लागतं. मास्टर सिलिंडर तोच राहिला तर पॅडल खोल जातं. फक्त पुढं वाढवलं तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो. म्हणून करायचं तर त्या मॉडेलसाठी तपासून तयार केलेला पूर्ण संच, नाहीतर नाही.

ट्रकवाल्यांना दोन ओळी. हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडा, आणि स्लॅक ॲडजस्टरची चाल घाटाआधी बघा. ढिलं ॲडजस्टर गार ब्रेकला निभावून नेतं. तापून ड्रम फुगला की चेंबरची चाल संपते आणि तिथं ब्रेकही संपतो.

आणि पंचगंगेचा पूर. २०१९ आणि २०२१ नं आपल्याला पुष्कळ शिकवलं. पाण्यातून गाडी काढली की थोडं पुढं जाऊन हलके हलके ब्रेक दाबत चला, म्हणजे लायनर सुकतात. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर ड्रम उघडा, हबचं ग्रीस आणि ब्रेक ऑइल बदला. इंजिनकडं सगळे बघतात, चाकाच्या आत कुणी बघत नाही.

क्रम

तर मंडळी, क्रम असा. आधी आहे ते कंपनीच्या मापात आणा: ऑइल, नळ्या, पॅड, लायनर, शॉकअप, बुश. मग गाडी काट्यावर नेऊन वजन मोजा आणि त्याप्रमाणं हवा भरा. मग टायर. मग वजनाला लागतील तेवढेच पाटे किंवा स्प्रिंग, त्यांना शोभणारे शॉकअप, आणि त्या व्हॉल्व्हचं सेटिंग. त्यानंतरही घाटात ब्रेक तापून सुटत असतील, तर मोठे ब्रेक. उंची आणि रुंदी सगळ्यात शेवटी, कायद्यात बसत असेल तर.

यातली अर्धी कामं स्वस्त आहेत, आणि एकही काम बाहेरून दिसत नाही. नवं ब्रेक ऑइल टाकलं म्हणून चौकात कुणी गाडीकडं वळून बघणार नाही. पण उद्या करूळ घाटात समोर एसटी वळणावर आली, तर तुमच्या पायाखाली जे लागेल ते याच न दिसणाऱ्या कामांमधून आलेलं असेल. त्या एसटीतल्या माणसांचाही हिशोब त्याच खात्यात आहे. पुढच्या वेळी गॅरेजात ‘दोन पाटे वाढवा’ असं म्हणायच्या आधी ‘ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं?’ एवढं विचारलंत, तरी आजची संध्याकाळ कारणी लागली.